शेगडी विझते कशी?

पूर्वी मराठी कुटुंब प्रवासाला निघाले की बरोबर एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचे गाठोडे असे. या वस्तू 'पोर्टेबल' आहेत असे कोणी कोणाला सांगत नसे. त्या उचलता येत, म्हणून लोक नेत. अलीकडे जी वस्तू उचलत नाही, नेमका तिच्यावरच हा शब्द छापलेला आढळतो.

या जातीतली ताजी वस्तू म्हणजे प्रवासात न्यायची सिरॅमिकची कोळशाची शेगडी. विकणारे तिला शेगडी म्हणत नाहीत, 'ग्रिल' म्हणतात. त्यांचे बरोबरच आहे. शेगडी म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती पुठ्ठ्याने वारा घालणारी, पदराने डोळे पुसणारी आत्या. आणि आत्यासाठी कोणी क्रेडिट कार्ड बाहेर काढत नाही.

माझ्या मेव्हण्याला ही ग्रिल घ्यायची आहे. गेले दोन महिने तो तिच्या शोधात आहे. मुलीसाठी स्थळे पाहतानाही त्याने एवढी चौकशी केली नव्हती. उंची, रंग, अंगकाठी, मूळ गाव, तापायला किती वेळ लागतो, तापली की किती वेळ तापलेली राहते, सारे त्याला तोंडपाठ आहे. "भाऊजी, हिच्यात पिझ्झासुद्धा होतो!" असे तो मला रात्री साडेदहाला फोन करून सांगतो. (पिझ्झा खायला लोणावळ्यापर्यंत कोळसे कशाला वाहायचे, हा प्रश्न मी पुढच्या फोनसाठी राखून ठेवला आहे.) मी त्याला एवढेच विचारले, "ते सगळं ठीक आहे रे, पण ती विझते कशी?"

पलीकडे शांतता. मुंजीच्या पंगतीत कोणी तेराव्याच्या आचाऱ्याचा पत्ता विचारावा, तशी शांतता.

माझे भांडण आहे ते इथे. शेगडी घेणारा प्रत्येक जण ती पेटते कशी, हे बघतो. दुकानदार तेच दाखवतो, जाहिरातीत तेच असते. लालभडक निखारे, त्यावर कणीस, बाजूला हसणारे कुटुंब. घरच्या शेगडीला हे चालते. ती तिच्या जागी बसून सावकाश थंड होईल, तुम्ही जाऊन झोपा. प्रवासातल्या शेगडीचे तसे नाही. जेवण झाल्यावर तिला उचलून घरी आणायचे असते. म्हणजे ती निवडताना पहिला प्रश्न विझण्याचा, दुसरा वजनाचा, आणि चवीचा नंबर त्यानंतर. हे मी मेव्हण्याला समजावून सांगितले. त्याने मला दुकानात नेले.

दुकानात ती होतीच. अंड्याच्या आकाराची, चकचकीत, पायांवर बसवलेली. विक्रेता म्हणाला, "सर, हे आमचं ट्रॅव्हल मॉडेल. फुल्ली पोर्टेबल."

"वजन?"

"सर, दोन्ही बाजूंना हँडल आहे."

हे वजनाचे उत्तर नव्हे. हत्तीला सोंड असते म्हणून त्याला कोणी पिशवी म्हणत नाही. मी हट्टच धरला तेव्हा खोक्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेला आकडा सापडला: १७ किलो. कोळसा, चिमटा आणि खायचे जिन्नस वेगळे. "कारच्या डिकीत आरामात बसतं सर," असे त्याने वर समाधान केले. डिकीत बसते ते पोर्टेबल, ही व्याख्या मान्य केली तर गव्हाचे पोतेही पोर्टेबल आहे. माझी व्याख्या साधी आहे: ज्याने निवडली त्याने ती लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यावरून एकट्याने, मध्ये न टेकता, खाली आणून दाखवावी. मेव्हण्याच्या घरची लिफ्ट वर्षातून चार महिने बंद असते, त्यामुळे परीक्षेची सोय आहे.

यात त्या अंड्याचा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. या जातीच्या ग्रिलना 'कामाडो' म्हणतात, आणि जपानीत कामाडो म्हणजे चूल. घरातली, जमिनीवर ठाण मांडून बसलेली चूल. जपानात भात शिजवायला मातीची एक गोल, झाकणाची चूल वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गेलेले अमेरिकन सैनिक तिच्यावर लुब्ध झाले आणि तिला घरी घेऊन गेले. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात 'बिग ग्रीन एग' ही कंपनी काढली आणि या चुलीचे अंडे अमेरिकेच्या परसापरसात जाऊन बसले. जाड भिंत, वर-खाली हवेची झरोके, वर घट्ट झाकण. थोड्या कोळशावर तासन्‌तास आच टिकते. आपल्या तंदूरची ही चुलतबहीणच म्हणा. ज्याला परस आहे आणि ज्याचा रविवार रिकामा आहे, त्याने ती खुशाल घ्यावी.

पण ज्या जाड भिंतीचे घरी कौतुक, तीच सहलीत वैरीण. भिंत उष्णता धरते म्हणजेच ती सोडत नाही. झाकण लावून झरोके बंद केले की हवेवाचून कोळसा गुदमरतो, हे खरे. भिंत मात्र पुढे कितीतरी वेळ तापलेलीच असते. पाणी ओतून थंड करावी म्हटले तर तापलेल्या सिरॅमिकला तडा जायचा, आणि वाफेने हात भाजायचा तो निराळाच. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळचे पाच वाजले आहेत. चटया गुंडाळून झाल्या, पोरे गाडीत बसून भांडू लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे, आणि घरचा कर्ता पुरुष उबवणीला बसलेल्या कोंबडीसारखा त्या अंड्याशेजारी बसून आहे. आधी मांस भाजायला तीन तास, मग अंडे निवायला तीन तास. याला सहल म्हणत नाहीत, राखण म्हणतात.

मग लोक काय करतात? तीन गोष्टी करतात, आणि तिन्ही वाईट.

पहिली, निखारे तिथेच टाकतात. वर वाळू ढकलली की काम झाले असे त्यांना वाटते. गेल्या मे महिन्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावर आमच्या बिल्डिंगमधली सहा वर्षांची मुलगी अनवाणी धावत लाटांकडे निघाली आणि मध्येच किंचाळून खाली बसली. आदल्या कुठल्यातरी मंडळींनी वाळूत गाडलेले निखारे तिच्या पायाखाली आले होते. वरून काही दिसत नव्हते. धूर नाही, लाली नाही. वाळू निखारा विझवते ही समजूतच चुकीची, ती त्याला पांघरूण घालते. आम्ही तिच्या पायावर बराच वेळ गार पाण्याची धार धरली आणि मग तालुक्याच्या गावी डॉक्टर गाठला. ज्यांनी ते निखारे गाडले ते तोवर आपल्या सहलीचे फोटो नातेवाइकांना पाठवून मोकळे झाले असणार. माणसे वाईट नव्हेत. त्यांची शेगडी फार चांगली पेटत असणार.

दुसरी, डोंगरावर गेलेले लोक अर्धवट विझलेली राख झुडपाखाली झटकतात. फाल्गुनात सह्याद्रीवर गवत किती वाळलेले असते हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगायला नको. दरवर्षी वणवे दिसतात. १९२७ चा भारतीय वन कायदा इंग्रजांनी केला म्हणून आपण नाके मुरडतो, पण राखीव जंगलात धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे त्याने जसे गुन्हा ठरवले, तसेच विस्तव जळता सोडून जाणेही. ही शेगडी विझते कशी, हे कायद्याने १९२७ साली विचारले. आमच्या दुकानदाराला अजून सुचायचे आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. इथे मी थट्टा बाजूला ठेवतो. शेगडी 'जवळजवळ विझली' म्हणून लोक ती गाडीत ठेवून काचा वर करतात, किंवा बाहेर थंडी आहे म्हणून तंबूत घेतात. कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मंद धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होते, झोप येते, आणि माणसाला वाटते की जेवण जास्त झाले. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो. महाग कोळसा, जपानी कोळसा, बिनधुराचा कोळसा, कोणताही असो, या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी. तंबूची खिडकी उघडी ठेवू, हा उपाय नव्हे. शेगडी आत न्यायची नाही, संपले.

"म्हणजे भाऊजी, घेऊच नको म्हणता?" मेव्हणा रडवेल्या आवाजात म्हणाला. त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून मत दिले, "वांगी घरून भाजून न्या आणि तिथे जाऊन नुसतं कालवा." हा सल्ला इतका शहाणपणाचा होता की आम्ही दोघांनीही तो ऐकला नाही.

घेऊ नको असे मी म्हणत नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाला गॅसवरच्या कणसाची सर येत नाही, असे उलटे कोणी म्हटले तर मी मारामारीला उठेन. माझे म्हणणे एवढेच, की जपानकडूनच घ्यायची तर मोठ्या अंड्याऐवजी तिथली धाकटी शेगडी बघ. तिचे नाव शिचिरिन. हातात उचलता येईल अशी, बिनझाकणाची, खाली हवेला एक छोटे दार, वर जाळी. ती ज्या मातीची असते ती एकपेशीय पाणवनस्पतींच्या सूक्ष्म सांगाड्यांची बनलेली असते. त्यात हवेची असंख्य छिद्रे असतात, म्हणून वजन हलके आणि आतली आच बाहेर कमी जाते. नोतो द्वीपकल्पावरच्या सुझू भागात ही माती कापून शेगड्या घडवतात. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने याच भागाची दैना केली. नावाची एक व्युत्पत्ती मला फार आवडते: 'शिचि' म्हणजे सात, 'रिन' म्हणजे येनचा हजारावा भाग. सात रिनच्या कोळशात काम भागते ती शिचिरिन. आपल्याकडे तिला सातदमडी म्हटले असते, आणि ती कोणी विकत घेतली नसती.

लहान शिचिरिन तीन-चार किलोंत बसते. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात पास होते. अवगुण तिलाही आहेत. ती पाणी पिते, म्हणून भिजू द्यायची नाही आणि कधीही पाणी ओतून विझवायची नाही. ठेच लागली तर टवका उडतो, आणि आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक पाहता ठेच लागणारच. तेव्हा बाहेरून पत्र्याचा पट्टा असलेली घ्यावी आणि जुन्या चादरीत गुंडाळावी. याच विचाराने १९८०च्या दशकात केनियात पत्र्याच्या अंगात भाजलेल्या मातीचे अस्तर बसवलेली 'जिको' निघाली. तिची कल्पना थायलंडच्या बादलीच्या शेगडीवरून घेतलेली होती. हे वाचून मला आमच्या वाड्यातली बादलीची शेगडी आठवली. जुनी बादली, आत मातीचे लिंपण, मध्ये लोखंडी जाळी. सिरॅमिक ग्रिलचे ट्रॅव्हल मॉडेलच ते. कडीही होती, आणि ती धरून माझी सत्तर वर्षांची आजी शेगडी गच्चीवर नेत असे.

पण माझा जीव ज्या वस्तूवर जडला ती शेगडी नव्हेच. जपानी माणूस शिचिरिनबरोबर एक झाकणाचे मडके बाळगतो. जेवण झाले की निखारे चिमट्याने एकेक करून त्यात टाकायचे आणि झाकण लावायचे. हवा संपली की कोळसा विझला. राख उरते चमचाभर, शेगडी उरते रिकामी, आणि निखारे आत नसले की तिची पातळ भिंत त्या मानाने लवकर निवते. आपल्याला मडकेही नको. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा चालतो. प्लास्टिकचा नको, हे मेव्हण्यासाठी लिहितो आहे. डबा तापतो, म्हणून तो गवतावर न ठेवता दगडावर ठेवायचा, आणि तळहात लावून पुरता गार झाल्याची खात्री पटल्याशिवाय गाडीत घ्यायचा नाही. म्हणून कणसे शेवटी न भाजता आधी भाजायची, कोळसे तीनला डब्यात टाकायचे, आणि पाच वाजेपर्यंत पोरांबरोबर चेंडू खेळायचा.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर आत काळे, कोरडे, हलके कोळसे मिळतात. ते फेकू नयेत. एकदा विझलेला कोळसा पुढच्या वेळी ताज्या कोळशाच्या आधी पेट घेतो. त्याला ना रॉकेल लागते, ना मेव्हण्याचे व्याख्यान.