वसुलीच्या टक्क्यामागचं नवं-जुनं

मार्च लागला की जामनेर तालुक्यातल्या, किंबहुना साऱ्या खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्या गावांत ‘नवं-जुनं’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. जुनं पीककर्ज भरायचं आणि दोन-चार दिवसांत नवं उचलायचं. मधली रक्कम कधी सावकाराची, कधी व्यापाऱ्याकडून हातउसनी, कधी नुसती कागदावरची. विकास सोसायटीच्या वहीत खातं नियमित होतं, वर जिल्हा बँकेच्या तक्त्यात वसुलीचा टक्का चढतो. शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं मात्र तसंच राहतं, उसनवारीच्या व्याजाने थोडं वाढतंच. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशा विकास सोसायट्यांच्याच, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती हवीच होती. पण नवं-जुनं संगणकात जसंच्या तसं उतरलं, तर जुनीच फसगत अधिक वेगाने मुंबईपर्यंत पोहोचेल, एवढंच होईल.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं उदाहरण यासाठी डोळ्यांपुढे ठेवावं. बँकेचे व्यवहार संगणकावर चालत होते, लेखापरीक्षण होत होतं, आणि मार्च २०१९ अखेर तिची थकीत कर्जं पावणेचार टक्क्यांच्या आसपास दाखवली होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. मग उघड झालं की कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकट्या बांधकाम समूहाकडे अडकली होती. ती झाकण्यासाठी बनावट खात्यांची यादी तपासनिसांपुढे ठेवली जात असल्याचं तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात मान्य केलं. आणि ही २१,०४९ खाती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती. म्हणजे प्रणाली होती, पण हिशेब तिच्या बाहेर चालत होता. पंजाब नॅशनल बँकेतही २०१८ साली हेच दिसलं: परदेशातल्या बँकशाखांना हमी कळवणारी स्विफ्ट यंत्रणा मुख्य हिशेबाला जोडलेली नव्हती, आणि घोटाळा तेरा हजार कोटींच्या वर गेला.

नोंद आणि वास्तव यांतल्या अशा तफावतीची गावपातळीवरची किंमत महाराष्ट्रातल्या २०१७ च्या कर्जमाफीत दिसली. बँकांकडून आलेली माहिती आणि शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज यांचा मेळ बसेना, आधार क्रमांक जुळेनात, आणि पात्र माणसं याद्यांची वाट पाहत राहिली. खात्यांची नोंद वेळच्या वेळी नीट झाली असती, तर ही परवड पुष्कळ टळली असती.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. नवं-जुनं ही शेतकऱ्याची लबाडी नव्हे, नाइलाज आहे. बोंडअळीने किंवा भावाने मारल्यावर मार्चअखेर पैसा येणार कुठून? हिशेब खरा लिहिला तर तो थकबाकीदार ठरेल, व्याजसवलत जाईल, पुढचं कर्जही मिळणार नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच खोट्या नोंदीची सोय बंद करताना खऱ्या नोंदीची वाट उघडी ठेवायला हवी. पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) पन्नास पैशांच्या आत आली की पीककर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर करण्याची तरतूद आहेच. ते रूपांतर वेळेवर, न मागता व्हावं आणि रूपांतर म्हणूनच नोंदलं जावं; वसुली म्हणून नव्हे. दुसरा आक्षेप माणसांचा: सोसायट्यांचे हिशेब लिहिणाऱ्या एकेका गटसचिवाकडे अनेक सोसायट्या, त्यात गावात वीज नाही, नेटवर्क नाही. त्यावर उपाय म्हणून आठवड्याने एकदम नोंदी भरणं मान्य केलं, तर पुन्हा बाहेरची वही आलीच. इथे प्रणालीपेक्षा पगारी माणसावर खर्च करावा लागेल, आणि तो सरकारने करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

जिल्हा बँक आणि सोसायट्यांच्या वार्षिक अहवालात यापुढे वसुलीचे दोन रकाने असावेत: शेतकऱ्याच्या हातून आलेला पैसा एकात, भरल्यापासून पंधरा दिवसांत त्याच खात्याला नवं कर्ज मिळालं ती रक्कम दुसऱ्यात. प्रणालीतून ही विभागणी काढणं अवघड नाही. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते. सभासदांनी तिथे हे दोन आकडे मागावेत, आणि आपल्या खात्यावरची प्रत्येक नोंद त्याच दिवशी मोबाइलवर यावी, हेही.