धरणाची विक्री आणि पाण्याची मालकी

केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टमध्ये सार्वजनिक मालमत्तांच्या मुद्रीकरणाची जी सहा लाख कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तीत सुमारे सहा हजार मेगावॅट क्षमतेची जलविद्युत व नवीकरणीय ऊर्जा केंद्रेही होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात तिच्याच दहा लाख कोटींच्या दुसऱ्या आवृत्तीची घोषणा झाली. 'मुद्रीकरण' हा शब्द मोठा सोज्वळ आहे. मालकी सरकारचीच राहील, केवळ काही वर्षांपुरता वापराचा हक्क दिला जाईल, असे सांगितले जाते. तूर्त त्यावर विश्वास ठेवू. परंतु भाडेपट्टा असो की खरेदीखत, नदीवरचे वीजकेंद्र दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी अटी कोणत्या घालायच्या आणि त्या घालण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे अद्याप नीटसा विचारलाही गेलेला नाही. तो वेळेवर न विचारल्याने काय होते, हे अमेरिकेतील मोंटाना राज्याने पुरेपूर अनुभवले आहे.

तेथे १९१२ साली स्थापन झालेली मोंटाना पॉवर ही खासगीच कंपनी होती. परंतु तिचे दर राज्याचा लोकसेवा आयोग ठरवीत असे. मिसूरी, क्लार्क फोर्क, फ्लॅटहेड या नद्यांवरील तिच्या धरणांची वीज तुलनेने स्वस्त पडे. १९९७ साली विधिमंडळाने वीजव्यवसाय खुल्या स्पर्धेला सोपविणारा कायदा केला. त्या कायद्याने धरणे विकण्याची सक्ती केली नव्हती. ती कंपनीनेच विकायला काढली. १९९९ च्या डिसेंबरात अकरा जलविद्युत केंद्रे आणि कोळशावरील केंद्रांतील हिस्सा मिळून सुमारे ७५ कोटी डॉलरांना पेनसिल्व्हेनियातील पीपीएल कंपनीकडे गेला. मोंटाना पॉवरने पुढे वीजच सोडली, नाव बदलले आणि ती दूरसंचाराच्या धंद्यात उतरली. २००३ साली तिचे दिवाळे वाजले.

मध्यंतरी २००० साली अमेरिकेच्या पश्चिम भागात विजेचे बाजारभाव भडकले. खुल्या बाजारातून वीज घेणाऱ्या ब्यूट येथील तांब्याच्या खाणीला काम बंद करावे लागले. ती २००३ पर्यंत बंद राहिली. डोळ्यांदेखत वाहणारी नदी, तिच्यावर पूर्वीचेच धरण, आणि तरी कामगार घरी बसलेला! २००२ मध्ये धरणे राज्याने परत घ्यावीत, असा प्रस्ताव सार्वमतास आला, तो मतदारांनी फेटाळला. २००७ साली विधिमंडळाने आपलाच कायदा बव्हंशी मागे घेतला. अखेर २०१४ च्या नोव्हेंबरात नॉर्थवेस्टर्न या स्थानिक वितरण कंपनीने तीच अकरा जलविद्युत केंद्रे पीपीएलकडून विकत घेतली, आणि तीही ९० कोटी डॉलरांना. कोळशाची केंद्रे या सौद्यात नव्हती. हा खर्च ग्राहकांच्या दरातून वसूल करण्यास आयोगाने मान्यता दिली.

यातील अन्यायाचे मूळ हिशेबाच्या वहीत आहे. जुन्या धरणाचा बांधकामखर्च घसाऱ्याच्या रूपाने ग्राहकांनी वर्षानुवर्षे फेडलेला असतो. पुस्तकात त्याची किंमत किरकोळ उरते. बाजारात मात्र त्याला मोठे मोल येते, कारण त्याचे इंधन आकाशातून पडते आणि संध्याकाळी मागणी वाढताच त्याची जनित्रे काही मिनिटांत सुरू करता येतात. या दोन किमतींतील अंतर कोणाचे? ज्यांनी धरण फेडले त्यांचे, असे आम्ही म्हणू. विक्रीपूर्वी कोणी तसे कायद्यात लिहून ठेवले नाही, तर ते अंतर विकणारा व घेणारा वाटून घेतात आणि ग्राहक त्याच धरणाचे पैसे दुसऱ्यांदा भरू लागतो.

मोंटानातच याला एक उद्बोधक अपवाद घडला. फ्लॅटहेड नदीवरचे केर धरण सॅलिश व कूटेनाई या मूलनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात आहे. १९८५ साली या धरणाचा नवा परवाना निघाला, तेव्हा तीस वर्षांनी ते विकत घेण्याचा या जमातींचा हक्क त्यात नमूद करण्यात आला. पुढे मालक बदलले, बाजारभाव चढले, तरी ते कलम तसेच राहिले. २०१५ च्या सप्टेंबरात १ कोटी ८३ लक्ष डॉलर देऊन जमातींनी धरण ताब्यात घेतले आणि त्याचे नावही बदलले. उलट नदीच्या पात्राचे भाडे मागण्याची आठवण राज्याला धरणे विकली गेल्यावर झाली. राज्यातील न्यायालयांनी सुमारे चार कोटी डॉलर देवविले, परंतु २०१२ साली संघीय सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला.

कॅलिफोर्नियाने मात्र अगदी वेळेवर हात आखडला. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीची अडुसष्ट जलविद्युत केंद्रे १९९९ साली लिलावाच्या वाटेवर होती. तेथील आयोगाने विक्रीचा पर्यावरणीय अभ्यास करविला. नवा मालक विजेचा भाव पाहून धरण चालवील की पाण्याचा, आणि तसे केल्यास मासे, शेती व काठचे लोक यांचे काय होईल, हे त्यात तपासण्यात आले. इतक्यात वीजसंकट कोसळले आणि २००१ च्या जानेवारीत विधिमंडळाने अशा विक्रीस २००६ पर्यंत कायद्यानेच बंदी केली. त्याच कंपनीने पुढे आपल्या वीजकेंद्रांतील जवळपास निम्मा हिस्सा गुंतवणूकदारांना विकण्याची परवानगी मागितली, तीही आयोगाने २०२४ साली नाकारली.

आपल्याकडे असा आयोग काय करू शकेल? २००३ च्या वीज कायद्याचे सतरावे कलम सांगते की, परवानाधारकाने आयोगाच्या पूर्वसंमतीविना आपला व्यवसाय विकू वा भाडेपट्ट्याने देऊ नये. पण याच कायद्याच्या सातव्या कलमान्वये वीजनिर्मितीला परवानाच लागत नाही. म्हणजे गावातील तारा आणि खांब विकायचे तर आयोगाची संमती हवी. निर्मिती कंपनीच्या हाती असलेले धरणाखालचे वीजकेंद्र द्यायचे तर ती अट लागू नाही. आयोग पुढे दर ठरवताना बोलेल, पण तेव्हा सौदा होऊन गेलेला असेल. कायदा करणाऱ्यांनी स्पर्धेला वाट मोकळी करण्यासाठी हे केले, हे आम्हांस ठाऊक आहे. औष्णिक केंद्राला ते शोभतेही. कोळसा जळला की संपला. कोयनेचे पाणी मात्र वीज करून झाल्यावर वाशिष्ठीत उतरते आणि चिपळूणच्या वाटेने समुद्राला मिळते. २०२१ च्या महापुरानंतर कोळकेवाडीच्या विसर्गावरून तेथील लोकांनी सरकारला जाब विचारला. सरकारने दिलेले उत्तर पटो न पटो, जाब विचारायला दार तरी होते. कोयनेची वीजकेंद्रे आज राज्याच्या जलसंपदा विभागाच्या मालकीची असून महानिर्मिती ती भाडेपट्ट्याने चालविते. उद्या भाडेकरू बदलला, तर ते दार कोणते?

गोव्यात मोठे जलविद्युत केंद्र नाही, म्हणून हा विषय परका मानू नये. खाणींचे पट्टे एकदा दिले की ते परत मिळवायला किती काळ लागतो, हे पोर्तुगीज काळापासून २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आपण पाहिले आहे. आणि पेडणे, बार्देश, डिचोली हे तालुके तिळारीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. त्याच खोऱ्यात महाराष्ट्राचे जलविद्युत केंद्र आहे. ते कधीकाळी खासगी हाती द्यायचे ठरल्यास पाणी सोडण्याचे वेळापत्रक, उन्हाळ्यातील किमान विसर्ग आणि पुराच्या वेळचा अधिकार या तीन गोष्टी करारात असल्याविना हस्तांतर होऊ नये, अशी लेखी मागणी गोवा सरकारने महाराष्ट्राकडे आजच करावी. तसेच सातव्या कलमाची ही पळवाट जलविद्युत केंद्रांपुरती बंद करण्याचा प्रश्न आपल्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावा.