आमची रास पडवळ

वर्तमानपत्रातलं राशिभविष्य आपण वाचत नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण स्वतःची रास ठाऊक नसलेला माणूस काही मला अजून भेटलेला नाही. मी तर तीन राशींचा धनी आहे. माझा जन्म पाच ऑगस्टचा. इंग्रजी पुरवणीच्या हिशेबाने मी सिंह. आपल्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी सूर्य कर्केत, म्हणजे मी खेकडा. आणि आईने ट्रंकेत जपून ठेवलेल्या पत्रिकेत चंद्र मीनेत, म्हणजे मी मासा. एका माणसात सिंह, खेकडा आणि मासा! सिंह वगळला तर ही रास नसून मालवणी खानावळ आहे.

या घोळाला कारण आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा, पण फार सावकाश डुलतो. त्यामुळे आकाशातले तारे आणि आपले ऋतू यांची जोडी हळूहळू सुटत जाते. आपलं पंचांग ताऱ्यांना धरून बसलं, पाश्चात्त्यांनी ऋतूंना धरलं, आणि दोघांत आता सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे. म्हणून तर सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. तिळगुळाचं त्याने काही बिघडत नाही, तो तीन आठवडे उशिरानेही गोडच लागतो. पण माझं काय? सिंह म्हणून मी शूर, कर्क म्हणून हळवा आणि मीन म्हणून स्वप्नाळू. सकाळी साहेबांसमोर उभा राहिलो की यांपैकी एकही नसतो.

तेव्हा गेल्या संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू ठरलं आणि "बायकांना वाटायला काहीतरी गमतीचं लिहून द्या" असं आमच्या हिने फर्मावलं, त्या वेळी मी मनाशी म्हटलं, जनावरांच्या राशी पुरे झाल्या. जन्मात कधी न पाहिलेल्या मगरीवरून जर माणसाचा स्वभाव ओळखता येतो, तर रोज पिशवीतून घरी येणाऱ्या भाजीवरून का येऊ नये? भाजीला निदान हंगाम तरी असतो. मग बसलो आणि एका रात्रीत नवं शास्त्र लिहून काढलं.

जानेवारी, गाजर. अर्धं आयुष्य जमिनीखाली काढतात, पण हलवा झाला की सगळ्या लग्नात मिरवतात. यांची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाता येते.

फेब्रुवारी, मटार. चार भावंडांत मिळूनमिसळून राहणारे. एकटे पडले की कुठे घरंगळत जातील सांगता येत नाही.

मार्च, शेवगा. वरून ताठ, आत गर. चघळल्याशिवाय माणूस कळत नाही, आणि चघळलेलं चारचौघांत दाखवता येत नाही.

एप्रिल, कैरी. बोलणं आंबट. वर्षभर बरणीत मुरू दिलं तर पानातली सगळ्यांत हवीशी व्यक्ती.

मे, कांदा. स्वतः कधी रडत नाहीत. दुसऱ्यांना रडवतात, प्रसंगी सरकारलाही.

जून, कारलं. तुपात तळा, साखरेत घोळा, मत बदलत नाहीत. पण मधुमेह झाला की सगळे यांचीच आठवण काढतात.

जुलै, कर्टुलं. अंगभर काटे, पण एकही टोचत नाही. थोडे दिवस दिसतात आणि भाव खाऊन जातात.

ऑगस्ट, पडवळ. लांबच लांब, वळण नाही, स्वतःची चव नाही. ज्या डाळीत पडेल त्या डाळीचं होतं.

सप्टेंबर, अळू. मनात खाज असते. चिंच लावून घेणारं माणूस भेटलं तर पंगत जिंकतात.

ऑक्टोबर, लाल भोपळा. दिसायला भारदस्त, वाजवला तर पोकळ. विळ्याशी जमत नाही.

नोव्हेंबर, वांगं. डोक्यावर मुकुट, मुकुटाला काटे. चातुर्मासभर वाळीत आणि चंपाषष्ठीला मानकरी. कुणाला वातूळ, कुणाला पथ्यकर.

डिसेंबर, मेथी. जरा कडसर. निवडायला वेळ लागतो, शिजल्यावर मूठभर उरतात.

कागद टाइप करायचं काम चिरंजीवांकडे होतं. कार्यक्रम झाला. तिळगुळापेक्षा भाज्यांना मागणी जास्त. "अगंबाई, अगदी माझंच वर्णन!" हे वाक्य मी स्वयंपाकघराच्या दाराआडून किमान दहा वेळा ऐकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर खास मला शोधत आत आल्या. "भावजी, तुम्हाला कसं हो कळलं? मी अगदी मटार आहे, मटार! मला एकटीला करमतच नाही." मला वाटलं होतं वहिनी जानेवारीच्या. विचारलं, तर जानेवारीच्याच.

कागद हातात घेऊन पाहिला. चिरंजीवांनी महिने एका ओळीत आणि भाज्या दुसऱ्या ओळीत टाइप करताना सगळी यादी एक घर सरकवली होती. जानेवारीला मटार, फेब्रुवारीला शेवगा, आणि असं करत डिसेंबरच्या गळ्यात गाजर. म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये प्रत्येक बाई दुसरीची भाजी घेऊन बसली होती आणि प्रत्येकीला ती स्वतःच्या मापाची वाटत होती. मला अळू आलं होतं. मी चूक सांगायला तोंड उघडलं तर आमची ही म्हणाली, "काही चूकबीक नाही. तुम्हाला खाज आहेच, लिहिण्याची."

हा काही माझा शोध नव्हे. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा "खास" अहवाल दिला. तो कितपत जुळतो त्याला पाचापैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं बहुतेक एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. "तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून कधीकधी अस्वस्थ होता." आता तुम्हीच सांगा, या वाक्यातून सुटेल असा एक माणूस किंवा एक कारलं दाखवता येईल का?

इथवर सगळी गंमत होती. चार दिवसांनी त्याच मटारवहिनी पुन्हा आल्या. या वेळी हातात तिळगूळ नव्हता, माझ्या भाचीची पत्रिका होती. वहिनींच्या मुलासाठी आम्ही ती दिली होती. भाची पूल बांधते. कुठल्या खांबावर किती भार येईल हे ती कागदावर मोजते आणि तिच्या भरवशावर तुमच्याआमच्या बसगाड्या नदी ओलांडतात. दोघं दोनदा भेटली होती आणि तिसऱ्यांदा भेटायचा विचार करत होती.

"मुलगी लाखांत एक आहे हो भावजी," वहिनी म्हणाल्या, "पण मंगळ आहे ना. आमच्याकडे नाही चालत."

"वहिनी, परवा तर तुम्ही मटार होतात."

"ती गंमत होती. हे शास्त्र आहे."

हे वाक्य ऐकल्यापासून मी लिहायला बसलो आहे. कारण माझ्या भाजीशास्त्रात आणि या शास्त्रात मला एकच फरक दिसतो. माझ्या पडवळाने अजून कुणाचं लग्न मोडलेलं नाही.

हा मंगळच घ्या. पत्रिकेतल्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात तो बसला की माणूस मंगळाचा. म्हणजे बारांतली पाच घरं. ढोबळ हिशेबाने दर बारा माणसांत पाच जण मंगळाचे निघणार. एवढ्या लोकांचे जोडीदार खरोखर संकटात सापडत असते, तर विमा कंपन्यांनी अर्जात वयाच्या आधी मंगळ विचारला असता. त्या विचारतात वजन, रक्तदाब आणि तंबाखू. पैसे द्यायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना कोणत्या शास्त्रावर भरवसा ठेवायचा ते बरोबर कळतं.

मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट आणि आश्लेषेची सासूला वाईट म्हणतात. नक्षत्रं सत्तावीस. म्हणजे मुलगी अजून उंबरठा ओलांडायची आहे आणि सत्तावीस मुलींत एकीवर सासऱ्याच्या प्रकृतीची जबाबदारी आधीच टाकून मोकळे! सासऱ्याने चाळीस वर्षं ओढलेल्या विड्यांचा हिशेब मात्र कुठल्याच घरात मांडलेला नसतो. आणि जावयाच्या नक्षत्रामुळे सासरे दचकले असं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

मग छत्तीस गुण. वर्णाचा एक, वश्याचे दोन, असं चढत चढत नाडीचे आठ. अठरा जमले की पास. या छत्तीसांत मुलगा चिडल्यावर कसा वागतो याला गुण नाही, मुलीची नोकरी दुसऱ्या गावी असेल तर काय करायचं याला गुण नाही. सकाळचा चहा कोण करणार याला तर अर्धासुद्धा नाही. हल्ली मोबाइलवर दोन जन्मवेळा टाकल्या की हे छत्तीस गुण निमिषात येतात. चुकीचं गणित लवकर सुटतं म्हणून ते बरोबर होत नाही.

"पण आपल्या पूर्वजांनी..." असं वहिनींनी सुरू केलंच. मेष-वृषभादी बारा राशी आपल्याकडे ग्रीकांच्या संगतीने आल्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहज्जातकात त्यांची क्रिय, तावुरि, जितुम, लेय अशी नावं दिली आहेत. ती सरळ ग्रीक नावं आहेत, आपल्या तोंडात बसवून घेतलेली. होरा हा शब्दही तिकडचाच. बटाटाही असाच दक्षिण अमेरिकेतून निघून पोर्तुगीजांबरोबर आला आणि नाव तिकडचंच ठेवून आपल्या वड्यात जाऊन बसला. परका म्हणून मी ना बटाट्याला नावं ठेवतो ना मेषेला. पण बटाटा आल्यापासून पोट भरलं, मेष आल्यापासून काय झालं तेवढं सांगा.

आणि तपासून पाहायचं तर तेही झालेलं आहे, आपल्या पुण्यातच. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुलं शाळेत हुशार ठरलेली, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि एवढंच विचारलं की यातली हुशार कोण ते सांगा. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० मिळाले असते! पुढच्या वर्षी ते सगळं "करंट सायन्स" या नियतकालिकात छापूनही आलं. एवढा ढळढळीत फरक ज्या कागदावर दिसत नाही, त्या कागदावर माझ्या भाचीच्या संसाराचा खांब उभारायचा? तिने स्वतः तो पूल पहिल्याच दिवशी नापास केला असता.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, कारण तो अनुभवी माणसांचा आहे. नकार द्यायला पत्रिका फार सोयीची पडते. मुलगी सावळी वाटली, हुंड्याचं जमलं नाही, मुलाचं दुसरीकडे आहे, हे तोंडावर कसं सांगणार? "पत्रिका जुळत नाही" म्हटलं की कुणाचाच अपमान नाही. पण खरंच नाही का? ही सभ्यता नकार देणाऱ्याची झाली. ज्या मुलीला तिसऱ्यांदा, पाचव्यांदा हेच उत्तर येतं, ती पुढे प्रत्येक घरात स्वतःला अपशकुन समजून पाऊल टाकते. आईबाप शांतीच्या खर्चाला लागतात. कुठे कुठे मुलीचं आधी झाडाशी नाहीतर कुंभाशी लग्न लावतात. नुसतं "आमचं मन होत नाही" म्हटलं असतं तर एक संध्याकाळ वाईट गेली असती. मंगळ म्हटलं की तो आयुष्यभर चिकटतो.

भाचीला मी भीतभीतच सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मामा, तू मला कर्टुलं केलंस ते चाललं. कर्टुल्याचे काटे निदान कुणाच्या सासऱ्याला टोचत नाहीत." मग जरा थांबून म्हणाली, "पण मुलगा बरा होता रे." त्यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. माझ्या बारा भाज्यांतही नव्हतं.

यंदा भोगीला मी स्वतः भाजी आणायला गेलो. गाजर, पावटा, वांगं, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, सगळं एका पिशवीत. कुणाची नाडी कुणाशी जुळते हे भाजीवालीने विचारलं नाही. घरी आमच्या हिने वरून तिळाचं कूट घातलं आणि मंद आचेवर झाकण ठेवलं. वांगं शिजायला लागलं तसं गाजरही मऊ झालं. बाजरीच्या भाकरीबरोबर जेवताना, छत्तीस काय, सहा गुणही न जुळणारी ही मंडळी इतकी वर्षं एका कढईत कशी नांदतात, याचं उत्तर मला सापडलं. त्यांना कुणीतरी एकत्र शिजू दिलेलं असतं.

एक वाटी मटारवहिनींकडे पाठवली आहे. सोबत चिठ्ठी दिली आहे की पत्रिका परत मिळाली, आता मुलाला काय काय शिजवता येतं ते कळवावं. उत्तर अजून आलेलं नाही. वाटी मात्र रिकामी परत आली नाही, तिच्यात दोन तिळाच्या वड्या होत्या.