बादलीतला फेस, नदीतला फेस

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत बातम्यांवरची चर्चा गॅलरीतच होते. एकीच्या घरातला टीव्ही चारजणी ऐकतात आणि कपडे वाळत घालता घालता देशाचे प्रश्न सोडवतात! मागे एकदा आळंदीची बातमी लागली होती. इंद्रायणीच्या पात्रात पांढराशुभ्र फेस, बर्फ पडल्यासारखा. आणि त्याच पाण्यात वारकरी बाया-पुरुष हात जोडून बुडी घेताहेत. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत असा फेस अनेकदा आला.

बातमी ऐकून शेजारचे काका गॅलरीत आले नि म्हणाले, "हे सगळं तुमच्या पावडरींचं पाप. बायकांनी जरा हात आखडता घेतला ना, तर नदी आपोआप साफ होईल."

माझ्या हातात तेव्हा पिळलेली चादर होती. पटकन उत्तर सुचलं नाही, पण बोलणं मनाला लागलं. घरादाराचे कपडे धुवायचे आपण, आणि नदी नासली तर बोलही आपल्यालाच? म्हटलं, काकांचं किती खरं नि किती खोटं, बघूया तरी. मग पुस्तकं काढली, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं. कळलं ते असं.

माझ्या आईच्या लहानपणी कपड्यांना साबणाची वडीच असायची. साबण तेला-चरबीपासून होतो. पाण्यात गेला की सूक्ष्म जिवाणू तो सहज खाऊन टाकतात. त्याचा दोष एकच. विहिरीच्या, बोअरच्या जड पाण्यात तो फेसच धरत नाही, कपड्यावर चिकट साका बसतो. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं त्या मैत्रिणींना हे सांगायला नको. म्हणून १९५९ साली आपल्याकडे सर्फ आला आणि १९६९ मध्ये निरमा निघाला, तेव्हा बायकांनी पावडरीला घरात घेतलं. हात दुखायचे कमी झाले, यात चूक ती काय?

पण त्याच सुमारास तिकडे युरोप-अमेरिकेत वेगळंच नाटक चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पावडरी भराभर खपू लागल्या. त्यांतला मळ काढणारा मुख्य पदार्थ अल्किल बेंझिनपासून बनायचा. हे तेलशुद्धीकरणातून मिळणारं रसायन, आणि स्वस्त. काही वर्षांतच नद्यांवर फेसाचे ढीग दिसू लागले. इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या केंद्रांवरचा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर यायचा. अमेरिकेत काही ठिकाणी विहिरींचं पाणी असं झालं, की नळाखाली पेला धरला तर वर फेस!

असं का झालं? मैत्रिणीने मला स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगितलं. उसाचं कांडं घ्या. एका टोकापासून चावत चावत सगळं संपवता येतं. आता बाभळीची फांदी घ्या. जागोजागी फाटे, जागोजागी काटे. तोंड लावायचं कुठून? त्या जुन्या रसायनाची कार्बनची साखळी बाभळीसारखी फाटे फुटलेली होती. जिवाणू साखळीच्या टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत खातात. फाटा आला की त्यांचं अडतं. म्हणून ते रसायन मोरीतून गटारात, गटारातून नदीत जवळजवळ जसंच्या तसं पोचायचं.

यावर उपाय निघाला तो बायकांनी धुणं कमी करून नव्हे, हे काकांना सांगायला हवं. जर्मनीने १९६१ मध्ये कायदाच केला. पावडरीतलं हे रसायन किमान ८० टक्के तरी विघटन पावलं पाहिजे, नाहीतर विकायचं नाही. १९६४ पासून तो लागू झाला. इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखानदारांनीही १९६५ पर्यंत फाटे असलेली साखळी सोडून सरळ साखळी घेतली. बाभळीच्या जागी ऊस आला म्हणा ना! हेच ते लिनिअर अल्किल बेंझिन, कारखानदारीत त्याला 'लॅब' म्हणतात. त्याची सरळ साखळी कशातून काढतात ठाऊक आहे? रॉकेलमधून. आपल्या रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेच्या काठी रिलायन्सने १९८०च्या दशकाच्या अखेरीस लॅबचं उत्पादन सुरू केलं.

म्हणजे कायदा झाला, कारखान्याने रसायन बदललं आणि फेस ओसरला. कुठल्याही घरातल्या बाईला त्यासाठी एक चमचाही पावडर कमी टाकावी लागली नाही.

मग मला प्रश्न पडला, सरळ साखळी आली तर इंद्रायणीत फेस का?

इथेच खरी गोम आहे. ऊस झाला तरी तो खायला कुणीतरी हवं आणि खाणाऱ्याला श्वास घेता यायला हवा. हे जिवाणू काम करतात ते पाण्यात प्राणवायू असेल तेव्हा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पाण्यात हवा खेळवतात. तिथे या रसायनाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग संपून जातो. पण काळ्या, कुजक्या नाल्यात प्राणवायूच नसतो. तिथे सरळ साखळीसुद्धा बरीचशी तशीच राहते. असं पाणी नदीत आलं आणि बंधाऱ्यावरून, दगडांवरून आपटलं, की फेस धरतो. दिसायला पांढरा म्हणून निरुपद्रवी समजू नका. हे रसायन मासे आणि पाण्यातल्या बारक्या जिवांना घातक आहे.

इंद्रायणी लोणावळ्याकडे उगम पावते आणि देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना गेल्या तीस-चाळीस वर्षांत वस्ती किती वाढली, कारखाने किती आले, हे पुण्याकडच्या मैत्रिणी सांगतील. घरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया न होताच पात्रात येतं, ही तिथली जुनी तक्रार आहे. तेव्हा फेसाचा सगळा हिशेब घरातल्या बादलीशी मांडणं हा अन्याय आहे.

आणि हे काही एका नदीचं दुखणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती. शंभर बादल्यांतल्या अठ्ठावीसच! आम्ही मुंबईकरांनीही शहाणपणा मिरवू नये. आमच्या शहराच्या सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी व्हायला जानेवारी २०२३ उजाडावं लागलं.

मग आपण काहीच करायचं नाही का? तसंही नाही. फेस जास्त म्हणजे कपडा जास्त स्वच्छ, हा आपला गैरसमज आहे. मळ काढणं आणि फेस येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मूठभर पावडरीऐवजी मापाने दोन चमचे टाकते आणि कपडे अर्धा तास भिजवते. फरक पडला तो फक्त वाणसामानाच्या बिलात. ज्या गावांत नदीवर धुणं असतं, तिथे पाणी बादलीत घेऊन काठापासून आणि विहिरीपासून लांब धुतलं, साबणाचं पाणी मातीत ओतलं, तर मातीतले जिवाणू त्यांचं काम करतात. सरकारने १९९१ मध्ये मातीच्या माठाचं चित्र असलेला 'इकोमार्क' काढला. पर्यावरणाला कमी त्रासदायक वस्तूंची ती खूण. पण तो घेणं कंपन्यांच्या मर्जीवर. आमच्या गल्लीतल्या दुकानात मी पावडरींचे सगळे पुडे उलटेपालटे करून पाहिले. माठ एकावरही नव्हता.

याहून मोठं काम दुसरंच आहे. तुमच्या गावात पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले, की पाण्याच्या वेळेबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. आपल्या गावाचं सांडपाणी जातं कुठे? शुद्धीकरण केंद्र आहे का? आणि असेल, तर ते रोज चालतं का? तिसरा प्रश्न विसरू नका. केंद्र बांधल्याचे फोटो छापून येतात, बंद पडल्याचे येत नाहीत. घरपट्टी आपण भरतो, तेव्हा विचारायचा हक्कही आपलाच.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण थोडी पावडर कमी टाकली तर बिघडलं कुठे?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "कपडे तुम्हीही धुवायला घ्या, दोन चमच्यांचं माप मी दाखवते."