विश्लेषण : झिलई नाही, नक्षी नाही, तरी बिझेनच्या भांड्यांना एवढे मोल का?

कारखान्यातून निघालेले हजार कप एकसारखे असले, की माल चांगला असे मानले जाते. जपानमधील बिझेनचे कुंभार मात्र भांड्याचा अखेरचा रंग आगीवर सोपवतात. हा नशिबावर टाकलेला हवाला आहे का?

बिझेनची माती वेगळी कशी?

ओकायामा प्रांतातील बिझेन हे जपानच्या ‘सहा प्राचीन भट्ट्यां’पैकी एक. भातखाचरांच्या खालच्या थरात मिळणारी तेथील माती लोहयुक्त असते आणि भाजताना बरीच आकसते. तिच्यावर झिलई नीट टिकत नाही. घाईने तापवल्यास भांडी तडकतात. म्हणून पाइनच्या लाकडावर साधारण १० ते १४ दिवस, सुमारे १२०० अंश सेल्सियसपर्यंत संथ भाजणी केली जाते.

मग रंग येतो कुठून?

ज्वाळांबरोबर उडालेली राख भांड्यांवर बसून वितळते. तिचे ठिपके तिळांसारखे दिसतात, म्हणून त्यांना ‘गोमा’, म्हणजे तीळच म्हणतात. भांडी एकमेकांना चिकटू नयेत यासाठी मध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढ्यातील क्षार आणि मातीतील लोह यांच्या संयोगाने तांबड्या रेघा उमटू लागल्या. पुढे या रेघांसाठीच पेंढा गुंडाळला जाऊ लागला. ही ‘हिदासुकी’ शैली. सोयीसाठी घातलेल्या पेंढ्याचा डागच असा अलंकार ठरला.

यात कुंभाराचे कौशल्य कोणते?

कोणते भांडे जाळाजवळ, कोणते आडोशाला, पेंढा कुठे आणि लाकूड केव्हा, हे सारे कुंभारच ठरवतो. रेघ नेमकी कशी वळेल, एवढेच त्याच्या हाती नसते. म्हणजे तो योगायोगाला मोकाट सोडत नाही, त्याला जागा आखून देतो. भट्टी निवल्यावर काय ठेवायचे आणि काय फोडायचे, हा निवाडाही त्याचाच. बिझेनच्या परंपरेला नवसंजीवनी देणारे कानेशिगे तोयो यांना १९५६ मध्ये जपानने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला, तो या जाणतेपणाचा.

भारताशी नाते काय?

बिझेनमध्ये शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासह १९७१ मध्ये पुदुच्चेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ उभारली. भारतातील स्टुडिओ-कुंभारांच्या काही पिढ्या तेथे घडल्या.

आज हा विषय महत्त्वाचा का?

‘हस्तनिर्मित’ दिसावेत म्हणून आता साच्यातूनही मुद्दाम वाकडे कप काढले जातात. त्यात दोष आहे, पण जोखीम नाही. बिझेनच्या कुंभाराची कित्येक महिन्यांची मेहनत एका भट्टीत पणाला लागते आणि त्यातील काही भांडी वाया जातात. उरलेल्या भांड्याच्या किमतीत हा तोटाही धरलेला असतो. तो न सोसता केवळ वाकडेपणा विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. गळका कप आगीची करामत म्हणून खपवणेही तसेच. भांडे आधी भांडे म्हणून उपयोगी पडले पाहिजे. आगीच्या खुणांचे कौतुक त्यानंतर.