पेरावे की थांबावे?

मृगाच्या सरी कोसळल्या की गावोगावी एकच प्रश्न कानी येतो: पेरावे की थांबावे? कार्यकर्त्याकडून तत्काळ उत्तराची अपेक्षा असते. परंतु हा प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखणे अधिक अगत्याचे आहे.

हाती एकाहून अधिक मार्ग असतील आणि त्यांची फळे निरनिराळी असतील, तरच निर्णयाचा प्रश्न उद्भवतो. पाऊस पडणे हा निर्णय नव्हे. पेरणे हा निर्णय होय. अशा प्रश्नांचे शास्त्रात तीन वर्ग मानतात. फळ आधीच ठाऊक असते, तो निश्चिततेचा. फळ ठाऊक नसले तरी त्याचा संभव आकड्यांत सांगता येतो, तो जोखमीचा. संभवही सांगता येत नाही, तो अनिश्चिततेचा. शेवटच्या दोहोंतील भेद अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली स्पष्ट केला.

पेरणीचा प्रश्न बहुतेक जण तिसऱ्या वर्गात ढकलतात आणि दैवावर हवाला ठेवून मोकळे होतात. हे योग्य नव्हे. २०२३ च्या जूनमध्ये मोसमी पाऊस ११ तारखेस कोकणात पोचून पुढे सुमारे पंधरवडा रेंगाळला. अशी उघडीप किती वर्षांत पडली, हे तालुक्याच्या पर्जन्यनोंदींवरून मोजता येते. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून खरिपाची पेरणी करू नये, हा कृषि विभागाचा सल्ला याच जोखमीवरील उतारा आहे. अर्थात थांबण्यालाही किंमत असते. मूग-उडदाची पेरणी लांबली की उत्पादन घटते.

बियाण्याचे काम त्याहून सोपे. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ७० उगवले तर बियाणे प्रमाणास उतरले. आठवडाभरात शंका फिटते आणि खर्च मूठभर दाण्यांचा!

काढणीच्या वेळचा बाजारभाव मात्र खरोखर तिसऱ्या वर्गातला. गतवर्षीचा भाव पाहून सारे रान एकाच पिकाखाली आणणे, हे निव्वळ धाडस होय.

संभव तोच असला तरी जोखीम सर्वांना सारखी नसते. घरात दुबार पेरणीपुरते बियाणे असणाऱ्याची उघडिपीने काही मजुरी व बी वाया जाईल; उसनवारीच्या बियाण्यावर पेरणाऱ्याचे सारे वर्ष बुडेल. या दोघांस एकच सल्ला देणारा कार्यकर्ता पावसाचा हिशेब बरोबर करूनही चुकतो. बांधावर जाताच त्याने आधी घरातील बियाण्याची चौकशी करावी, मग पावसाची.