वानराचं टाइमटेबल आपण का बिघडवतोय?

कोराडी म्हटलं की काय आठवतं? वीज केंद्राच्या उंच चिमण्या, जगदंबेचं मंदिर, तलाव. आणि टिनाच्या छतावरून धडधडत जाणारे वांदरही! आपण त्यांना हाकलतो, हात जोडतो, नाहीतर केळं देऊन रील बनवतो. पण त्यांचा दिवस कसा जातो, हे कधी नीट बघितलंय का?

विजेच्या गावाला मागणी-पुरवठ्याचं गणित वेगळं सांगायला नको. वानराचा दिवसही याच गणितावर चालतो. झाडावर काय आलंय, ऊन किती आहे, उजेड किती तास आहे, यावरून खायचं किती, फिरायचं किती आणि बसायचं किती हे ठरतं.

काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर; लाल तोंडाचं ते माकड. वानर मुख्यतः पाला खातं. पाल्यात ताकद कमी, तंतू जास्त. म्हणून त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात आणि तिथले जिवाणू पाला आंबवून पचवतात. या कामाला वेळ लागतो. दुपारी फांदीवर शेपटी सोडून बसलेलं वानर आपल्याला टाइमपास करताना दिसतं, पण आत त्याचा कारखाना फुल्ल चालू असतो.

आता ऋतू बघा. हिवाळ्यात बोरं आणि जून पानं. फाल्गुनात पळस फुलतो, मग मोह, मग तेंदूची फळं, सोबत कोवळी पालवी. कोवळ्या पानात प्रथिनं जास्त, तंतू कमी, म्हणून त्याच्यासाठी टोळी लांबही जाते. पावसाळ्यात सगळीकडे हिरवंगार. शेजारच्या मध्य प्रदेशात, कान्हाच्या जंगलात पॉल न्यूटन या संशोधकाने १९८०च्या दशकात वानरांचा आहार अभ्यासला. ऋतू बदलला की ताट बदलतं, हेच तिथेही दिसलं.

आणि आपला उन्हाळा? २३ मे २०१३ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत वानर सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर खातं. दुपारी गच्च सावली धरून बसतं. त्याच्याकडे कूलर नाही. त्याचा कूलर म्हणजे झाड. नेमक्या याच दिवसांत पानगळीच्या जंगलात सावली विरळ होते, पाणी आटतं. हिरवं काय उरतं? वस्तीतल्या बागा, आंब्याची झाडं, नळाचं पाणी. मग वानर गावात येतं. त्याला मस्ती आली म्हणून नाही, हिशेब जुळत नाही म्हणून.

इथवर दोष त्याचाही नाही, आपलाही नाही. आपला दोष पुढे सुरू होतो. आपण केळी, पोळ्या, बिस्किटं, चिप्स देतो. चार तासांचं पोट चार मिनिटांत भरलं, तर ते झाडावर कशाला फिरेल? ते रस्त्याच्या कडेला वाट बघत बसतं. गाडीखाली येतं. पिशवी ओढतं, चावतं. मग आपणच ओरडतो, ‘वांदरांचा बंदोबस्त करा!’ शिवाय साखर आणि पीठ जास्त झालं, तर पाल्यासाठी बनलेलं पोट बिघडू शकतं. आपल्याला पुण्य वाटतं ते त्याला महागात पडतं.

‘भुकेल्याला द्यायचं नाही का?’ असं कुणी विचारेल. द्या ना, पण झाड द्या. उंबर, वड, पिंपळ, चिंच, बोर लावा आणि तीन उन्हाळे जगवा. आहेत त्या जुन्या झाडांवर कुऱ्हाड पडू देऊ नका. खरकटं उघड्यावर टाकू नका. वानराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जखमी वानर दिसलं तर स्वतः पकडायला जाऊ नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

आणि एक काम खास तुमच्यासाठी. रीलऐवजी वही काढा. लांब उभं राहून दर दहा मिनिटांनी टोळीतलं कोण खातंय, कोण चालतंय, कोण बसलंय ते लिहा. जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये प्राणी-निरीक्षणाच्या पद्धती नीट मांडल्या, त्यातली ही एक. आजही जगभर वापरतात आणि तिला पेन सोडून काही लागत नाही. जानेवारीत एक दिवस करा, मे महिन्यात एक दिवस. दोन पानं शेजारी ठेवली की ऋतूने दिवस कसा बदलला ते तुम्हालाच दिसेल. जिथे लोक खायला घालतात तिथे तिसरा दिवस काढा. आपण काय बिघडवलं, तेही दिसेल.